एका जपानी वादासाठी बडोद्यात चार दिवस

मी पुण्यात राहते आणि जपानी दुभाष्याचं काम करते. पंधरा वर्षांतला बहुतेक वेळ कारखान्यांत गेला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, एका बाजूला जपानी इंजिनिअर, दुसऱ्या बाजूला आपले सुपरवायझर आणि मधे मी, बेअरिंग आणि गॅस्केटमध्ये अडकलेली. त्यामुळे डिसेंबरात जपानहून मेल आली, की बडोद्याला एका घरी काही जुनी मराठी पत्रं आहेत, ती वाचली जाताना चार दिवस सोबत बसून भाषांतर कराल का, तेव्हा मी तारखाही न बघता हो म्हटलं. बडोदं मी कधी पाहिलं नव्हतं. आईच्या मैत्रिणी तिथल्या होत्या आणि त्या पुण्याला आल्या की आम्हा सगळ्यांना थोडं मागासलेलं समजायच्या, एवढीच माझी माहिती.

मेल पाठवणारे कुरोदा-सान. जपानमधल्या एका खाजगी विद्यापीठाच्या इतिहास विभागात, म्हणजे जुनी कागदपत्रं सांभाळण्याच्या कामात, त्यांची सगळी नोकरी गेली. मार्चअखेरीस निवृत्ती. विद्यापीठाचं नाव मी लिहिणार नाही. तसं त्यांना वचन दिलंय, आणि नावाशिवायही गोष्ट नीट समजेल.

जानेवारीच्या शेवटी आम्ही मुंबईत भेटलो आणि सकाळी लवकर सुटणाऱ्या चेअरकारने निघालो. पुण्याहून थेट गाड्याही आहेत, पण सोबत परदेशी पाहुणा असेल तर मुंबईत एक मुक्काम करून ही गाडी घ्यावी. दुपारच्या जेवणाआधी तुम्ही बडोद्यात असता. जागा मिळेल तशी घ्या, पण भरूचच्या आधी नर्मदेचा पूल येतो तेव्हा उठून दाराजवळ जा. तिथवर कुरोदा-सान मला त्यांच्या विद्यापीठाचा वाद समजावून सांगत होते. नदी आली तसे बोलता बोलता थांबले आणि पूल संपेपर्यंत उभे राहिले.

वाद असा. त्यांच्या शहरात दोन जुनी खाजगी विद्यापीठं आहेत, एक टेकडीवर आणि एक नदीपलीकडे. दोघांच्याही फाटकावर लिहिलंय की या भागातलं पहिलं खाजगी विद्यापीठ आम्हीच. टेकडीवरचं विद्यापीठ कुरोदा-सानचं. त्याच्या संस्थापक गुरुजींनी एका देवळाच्या सभागृहात इंग्रजी आणि शास्त्राचे वर्ग सुरू केले, तेव्हा नदीपलीकडे नुसती भातखाचरं होती. पण काही वर्षांनी त्यांची शाळा जळली. नदीपलीकडचे म्हणतात, त्यानंतर दोनेक वर्षं ती शाळा बंदच होती, तेवढ्यात आमची सुरू झाली, आणि नंतर टेकडीवर जे उघडलं ती नव्या नावाची नवी शाळा होती. म्हणून पहिले आम्ही. टेकडीवरचे म्हणतात, शाळा एक दिवसही बंद नव्हती, गुरुजींच्या घरी चालू होती. पुरावा मात्र कोणाकडेच नाही, कारण हजेरीपटही आगीत गेले. पुढे सरकारने दोघांना विद्यापीठाचा दर्जा दिला तोही एकाच दिवशी, त्यामुळे तिथूनही निकाल लागेना.

ऐकायला गंमत वाटते. पण कुरोदा-सान वीसेक वर्षं हा वाद लढत होते. नदीपलीकडच्या इतिहास विभागात हायाशी नावाच्या बाई आहेत. हे एक लेख लिहिणार, मग त्या त्याचं खंडन करणार, मग हे त्यांच्या तळटिपांमधल्या चुका काढणार. इतक्या वर्षांत दोघं एकदाही एका टेबलावर चहा प्यायलेले नाहीत. मी विचारलं का, तर ते म्हणाले, तशी वेळ आली नाही.

आणि आता बडोद्याहून त्यांना एक मेल आली होती. सुभानपुऱ्यात राहणाऱ्या अरविंद दिघ्यांची. दिघ्यांचे आजोबा, शंकर दिघे, संस्थानच्या काळात सरकारी खर्चाने काचकाम शिकायला जपानला गेले होते आणि भाषा व शास्त्र शिकायला याच गुरुजींकडे जात. घरी त्यांची पत्रं होती. दिघ्यांनी एका पाकिटाचा फोटो पाठवला होता. पाकिटावरचा टपालाचा शिक्का नेमका त्या दोन वर्षांमधला होता, शाळा बंद होती की नव्हती त्या वर्षांमधला.

बडोद्यात आम्ही फतेगंजमध्ये उतरलो. स्टेशन जवळ, युनिव्हर्सिटी जवळ, रिक्षा हाकेच्या अंतरावर, आणि विद्यार्थ्यांची वस्ती असल्यामुळे खायची चंगळ. पहिल्याच दुपारी मी कुरोदा-सानना सेव-उसळ खायला नेलं. पुण्याच्या मिसळीची सवय असेल तर तीच समजून जाऊ नका. उसळ वाटाण्याची, सोबत पाव, शेव वरून हवी तेवढी, आणि लाल तर्री वेगळ्या भांड्यात. ज्याने त्याने आपल्या हिमतीने घ्यावी. कुरोदा-साननी पहिल्यांदा अर्धा चमचा घेतली, मग डोळे पुसले, मग अजून अर्धा चमचा घेतली. दोघांचं पोटभर खाणं दोनशे रुपयांच्या आत झालं.

दुपारी कमाटीबागेत फिरलो. झाडांवर संक्रांतीचे पतंग अजून अडकलेले होते. जवळच्या पुलावरून खाली विश्वामित्री दिसते आणि थंडीच्या दिवसांत काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, हे मला रिक्षावाल्याने सांगितलं होतं. माझा विश्वास बसला नव्हता. एक खरोखरच दिसली. वर पुलावरून स्कूटर, बस, शाळेच्या व्हॅन चाललेल्या आणि कोणी खाली बघतही नव्हतं. कुरोदा-साननी तिथे उभ्या एका गृहस्थांना माझ्याकरवी विचारलं, की शहरात मगरी आहेत याची भीती नाही वाटत का. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले की मगरी आधीपासून आहेत, शहर नंतर आलं. मी ते भाषांतरित केल्यावर कुरोदा-साननी वही काढून लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सुभानपुऱ्यात पोचलो. सोसायटीतलं एकमजली घर, तिकडे त्याला टेनामेंट म्हणतात. दारात तुळस, ओसरीवर हिंचका, म्हणजे झोपाळा. दिघेकाका फाटकापाशीच उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. वय पंचाहत्तरीच्या आसपास, रिफायनरीतून निवृत्त. त्यांनी कुरोदा-सानना आधी नमस्कार केला, मग हात मिळवला, मग कमरेत वाकले, म्हणजे काही राहून जायला नको. मला म्हणाले, आवो आवो केतकीबेन, बेसा. त्यांच्या पत्नी मंगलकाकू मागून म्हणाल्या, अरे ती पुण्याची आहे, तिला बस म्हणा.

ही पत्रं वाचणार होत्या त्या मंगलकाकूच. पत्रं मोडीत होती. काकूंनी बरीच वर्षं जुन्या कागदपत्रांच्या एका कचेरीत नोकरी केली होती आणि मोडी त्यांना आपण वर्तमानपत्र वाचतो तशी वाचता येते. काका मात्र आपल्या आजोबांचं एक अक्षरही वाचू शकत नाहीत, आणि याबद्दल काकू त्यांना चाळीस वर्षं चिडवत आल्या आहेत.

चहाबरोबर कुरोदा-साननी आपला वाद सांगितला, मग काकांनी त्यांचं म्हणणं मांडलं. त्यांना विद्यापीठाकडून एक कागद हवा होता, की शंकर दिघे हे आपल्या संस्थेचे पहिले भारतीय विद्यार्थी होते. गावातच हरणीला एक मराठी कुटुंब राहतं, त्यांचेही पणजोबा जपानला गेले होते आणि इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ते म्हणतात की बडोद्याहून पहिले आमचेच गेले. काका हे सांगताना हसत होते, पण दोनदा सांगितलं. काकू म्हणाल्या, यांचा एवढा एकच हट्ट राहिलाय बाई, बाकी सगळे डॉक्टरने बंद केले.

मग कुरोदा-साननी टेबल पुसून घेतलं, हात धुतले, कोरडे केले, खिशातलं पेन काढून लांब ठेवलं आणि पेन्सिल हातात घेतली. पत्रं अकरा होती. पहिली तीन बोटीच्या प्रवासाची आणि थंडीची. काकू एक वाक्य वाचत, मी जपानीत सांगत असे. शंकरराव मजेदार लिहीत. इथे लोक बोलताना एवढे वाकतात की मी चार दिवसांत सगळ्यांच्या टाळू ओळखू लागलो, असं एक वाक्य होतं. कुरोदा-सान ते ऐकून इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

चौथं पत्र त्या शिक्क्याच्या पाकिटातलं. काकू वाचू लागल्या. तीर्थरूप दादासाहेबांना साष्टांग नमस्कार, प्रकृती बरी आहे, आणि मग त्यांनी आवाज न बदलता पुढचं वाचलं:

"शाळा गेले फाल्गुनापासून बंद आहे. गुरुजी म्हणतात की ही शाळा नव्हे, माझे घरी पाच मुले जेवावयास येतात आणि भात शिजेतो काही शिकतात, इतकेच समजावे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात काका बोलले. आवाज अगदी चहा विचारल्यासारखा, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू तसंच. "केतकी, हे वाक्य नको सांगू. शाळाच बंद होती असं लिहिलं, तर माझे आजोबा विद्यार्थी कसले? आणि हे बिचारे एवढ्या लांबून आलेत, त्यांचंही सगळं जाईल."

काकूंनी पत्रावरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पण बोलल्या नाहीत. कुरोदा-सान पेन्सिल धरून थांबले होते. पंधरा वर्षांत मी एकही वाक्य गाळलेलं नाही. कारखान्यात लोक एकमेकांना काय काय बोलतात, ते सगळं मी इकडून तिकडे पोचवलंय. पण त्या दिवशी समोर दोन वयस्क माणसं होती, दोघांना एकच गोष्ट हवी होती, आणि ती माझ्या एका वाक्यावर अवलंबून होती. मी जपानीत सांगितलं, की वर्ग गुरुजींच्या घरी भरतात, पाच मुलं तिथेच जेवतात आणि शिकतात.

कुरोदा-साननी ते लिहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. काकांनी पत्राची घडी घातली आणि आता जेवून घेऊ म्हणाले. जेवायला मटारची उसळ, पोळ्या, आणि तुरीच्या हिरव्या दाण्यांच्या कचोऱ्या होत्या, थंडीत बडोद्याला गेलात तर त्या कुठेही दिसल्या तरी सोडू नका. मी दोन खाल्ल्या. चव काय होती ते मला आठवत नाही.

दुपारी कुरोदा-सान वेगळेच माणूस झाले. सूरसागर तलावाभोवती आम्ही चालत एक पूर्ण फेरी मारली, मग न्यायमंदिरावरून मांडवीकडे. गल्ल्यांमध्ये पितळेची भांडी, बांधणीच्या साड्या, ढीगभर लिलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा ओलसर चिवडा. त्यांनी तीन किलो चेवडा घेतला, ऑफिसात प्रत्येकाला वाटायला. वाटेत ते मला म्हणाले की निवृत्तीच्या आधी हे व्हायला हवं होतं, आणि झालं. मी त्यांना मांडवीच्या कमानींबद्दल काहीबाही सांगत राहिले. संध्याकाळी त्यांनी जपानला फोन लावला नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. उद्या लावतो म्हणाले.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याला मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. काय वाक्य होतं, कोणी थांबवलं, मी काय बोलले. माफी मागितली. हे काम मी विनामूल्य केलं असं समजा, आणि हवं तर दुसरा दुभाषी बोलवा, असंही म्हटलं.

कुरोदा-साननी कप खाली ठेवला. ते रागावतील असं मला वाटलं होतं. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

"काकूंचं वाचन लांब होतं आणि तुमचं वाक्य छोटं," ते म्हणाले. "माझ्या लक्षात आलं होतं. मी विचारलं नाही. म्हणजे चूक आपल्या दोघांची आहे."

मग ते म्हणाले, की पत्र पूर्ण ऐकायला हवं. आज. सगळ्यांसमोर.

मी काकूंना फोन केला. मला वाटलं होतं काका चिडतील आणि येऊ नका म्हणतील. काकू एवढंच म्हणाल्या, या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, हे काल जेवले नाहीत नीट.

सुभानपुऱ्यात या वेळी काका फाटकाशी नव्हते. हिंचक्यावर बसले होते, पाय जमिनीला टेकवून, हिंचका न हलवता. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. कुरोदा-सान त्यांच्यासमोर गेले, खोल वाकले आणि मला सांगायला लावलं, की तुमच्या आजोबांचं पत्र मी अर्धंच ऐकून परत गेलो, ते मला शोभलं नाही. काकांनी शेजारी जागा करून पाहुण्याला हिंचक्यावर बसवलं. दोघं तसेच बसले, काकू खुर्चीवर, मी पायरीवर. पत्र काकूंनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शाळा बंद आहे हे वाक्य आलं. मी ते शब्दाला शब्द सांगितलं. कुरोदा-साननी मान हलवली आणि लिहून घेतलं. अक्षर कालच्यापेक्षा लहान होतं.

आदल्या दिवशी आम्ही तिथेच थांबलो होतो. पत्र तिथे संपत नव्हतं. काकूंनी पान उलटलं.

"नदीपलीकडे नवी शाळा निघाली आहे. तेथील एक शिक्षक आठवड्यातून दोनदा चालत येतात व आम्हांस गणित सांगतात. मोबदला घेत नाहीत, उलट येताना भाजीस मुळे घेऊन येतात. त्यांचे शाळेत या असे आम्हांस कधी म्हणत नाहीत. गुरुजींची शाळा पुन्हा उघडेपर्यंत यांचे गणित मागे पडू नये, असे म्हणतात."

मी सांगत होते आणि कुरोदा-सानची पेन्सिल थांबली. त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. नंतर काकूंना विचारायला लावलं, की नदीपलीकडे हा शब्द नक्की आहे का. काकूंनी त्यांना पत्र दाखवलं, बोट ठेवून. मोडी त्यांना काय कळणार, पण ते भिंगातून त्या शब्दाकडे खूप वेळ बघत राहिले.

माझ्या आधी त्याचा अर्थ त्यांना कळला होता. शाळा बंद होती आणि नदीपलीकडची त्या काळात उघडलेली होती, म्हणजे हायाशीबाईंचं म्हणणं खरं ठरत होतं, आणि तेही टेकडीवरच्या विद्यार्थ्याच्याच पत्रातून. पण ज्या शाळेशी आपण शंभर वर्षं भांडत आलो, तिच्याच माणसाने आपली पाच मुलं जपली होती, आणि हे दोघांपैकी कोणाच्याच इतिहासात नव्हतं.

काका मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकले होते. ते हळूच म्हणाले, "मग माझे आजोबा कुठल्या शाळेचे? एकाची बंद, दुसऱ्याच्या पटावर नाव नाही. जेवायला जात होते म्हणून लिहिणार का?"

मी ते सांगितलं. कुरोदा-सान हिंचक्यावरून उतरले आणि काकांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचं उत्तर मी त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"ती पाच मुलं रोज आली नसती, तर गुरुजींनी पुन्हा शाळा उघडली नसती. मी लिहीन, की शंकर दिघे हे शाळा बंद असतानाचे विद्यार्थी होते. असे विद्यार्थी फक्त पाच. पहिले कोण, त्यावर आम्ही अजून भांडतो. या पाचांवर कोणी भांडणार नाही."

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि काकूंना म्हणाले की ती कचोरी उरलीय का कालची. काकू आत गेल्या. मी मदतीला मागे गेले, तर त्या ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या. मी काल गप्प बसायला नको होतं, त्या म्हणाल्या. वाचणारीने गप्प बसायचं नसतं. मग कढई चढवली आणि मला लिंबं कापायला दिली. त्या दिवशीच्या कचोऱ्यांची चव मला नीट आठवते. आल्याचा झणका, थोडी साखर, आणि आतले दाणे अर्धवट ठेचलेले.

उरलेली सात पत्रं वाचायला संध्याकाळचे पाच वाजले. शेवटच्या पत्रात गुरुजींनी टेकडीवर जागा घेतली होती आणि मुलांनी स्वतः लाकडं वाहिली होती. कुरोदा-साननी प्रत्येक पानाचे फोटो घेतले, पाकिटांचेही. मूळ पत्रं काका त्यांना द्यायला निघाले होते. कुरोदा-साननी घेतली नाहीत. ती वाचू शकणारं माणूस या घरात आहे, तर ती इथेच राहिली पाहिजेत, असं त्यांनी सांगितलं. काकू लाजल्या. चाळीस वर्षांत बहुतेक पहिल्यांदाच काकांनी त्या गोष्टीवर थट्टा केली नाही.

चौथा दिवस निघण्याचा. कुरोदा-सानचं दिल्लीचं विमान सकाळी होतं. विमानतळ हरणीला, फतेगंजपासून रिक्षाने फार वेळ लागत नाही, तरी सकाळी शाळांची वेळ धरून थोडं आधी निघा. काका-काकू निरोपाला विमानतळावर आले, आणि काकांनी येताना तिथल्याच एका सोसायटीतून एक गृहस्थ सोबत आणले. ओळख करून दिली, हे तेच हरणीचे, ज्यांचे पणजोबा जपानला गेले होते. दोघांनी मिळून कुरोदा-सानबरोबर फोटो काढला. नंतर विमानतळाबाहेर त्यांची बोटीच्या सालावरून जुंपली ती मी माझी गाडी पकडायला निघेपर्यंत चालू होती. दोघांच्या हातात एकमेकांनी आणून दिलेले चहाचे कप होते.

आत जाण्याआधी कुरोदा-सान मला बाजूला घेऊन म्हणाले की ते दिल्लीहूनच हायाशीबाईंना पत्र पाठवणार आहेत. फोटोंसकट, पूर्ण भाषांतरासकट. मी विचारलं, तुमच्या विद्यापीठाला आधी नाही सांगणार? ते म्हणाले, आधी विद्यापीठाला सांगितलं तर बैठका होतील, आणि मार्च संपेल.

पुण्याला परतून आता काही महिने झाले. मी पुन्हा कारखान्यात जाते. बडोद्याला जायचं असेल तर थंडीत जा, निदान तीन दिवस ठेवा, एक दिवस नुसता गावातल्या गल्ल्यांसाठी. आणि तिथल्या मराठी घरी जेवायचं बोलावणं आलं तर कितीही घाई असली तरी जा. ते तुम्हाला दोन भाषांत आग्रह करतील आणि दोन्हींत नाही म्हणणं अवघड जाईल.

मला सगळे विचारतात की शेवटी पहिलं कोण ठरलं. कोणीच नाही. दोन्ही फाटकांवरच्या पाट्या जशाच्या तशा आहेत. टेकडीवरच्या विद्यापीठाने कुरोदा-सानच्या निवृत्तीच्या समारंभात त्या पत्राचा उल्लेख केला नाही, आणि त्यांना ते लागलं असावं, कारण त्यांनी मला ते दोनदा लिहिलं. पण हायाशीबाईंचं उत्तर आठवड्यात आलं होतं. त्यांनी आपल्या जुन्या पगारपत्रकांमध्ये शोधून त्या गणिताच्या शिक्षकाचं नाव काढलं. मग दोघं स्टेशनजवळच्या एका दुकानात भेटले. वेळ आली, असं कुरोदा-साननी लिहिलं होतं. दोघांनी मिळून एक लेख लिहिला, वीस वर्षांतला पहिला ज्याच्यावर दोन नावं आहेत. लेखाच्या शेवटी एक टीप आहे, की पहिल्या वाचनात भाषांतरात एक वाक्य गळलं होतं आणि दुसऱ्या दिवशी दुभाषीने स्वतः ते दुरुस्त केलं. मला आधी ते वाचून कान तापले. आता तसं होत नाही. चुकीबरोबर दुरुस्तीही छापली गेली याचं बरंच वाटतं.

माझ्यापुरतं एक बदललं. दर रविवारी दुपारी मंगलकाकू मला व्हिडिओवर मोडी शिकवतात. प्रगती फार नाही. हात न उचलता लिहायचं असतं, आणि माझा हात सारखा उचलला जातो.

गेल्या आठवड्यात तो लेख छापील रूपात काकांकडे पोचला. जपानी लेख, काकांना त्यात फक्त फोटो ओळखू येत होता. त्यांनी मला फोन केला आणि वाचून दाखवायला सांगितलं, फोन स्पीकरवर ठेवून, म्हणजे काकूंनाही ऐकू येईल. मी मराठीत सांगत गेले. आग, देऊळ, हजेरीपट. मग शाळा बंद होती तो परिच्छेद आला आणि मी क्षणभर श्वास घ्यायला थांबले. पलीकडून काकांचा आवाज आला.

"वाच बेटा, सगळं वाच. आम्ही दोघं बसलोय."

मी पुढे वाचलं. शाळा त्या काळात बंद होती. गुरुजींच्या घरी रोज पाच विद्यार्थी येत. त्यांपैकी एक शंकर दिघे, बडोद्याचे.